मोठी लेन्स गळ्यात घेऊन चालवत नाही, रविवारच्या आत उपाय हवा

तिबोटीवेडी (बुधवार, रात्री ८.५०)
नमस्कार. सरळ मुद्द्यावर येते. मोठी लेन्स घेतल्यापासून मानेची वाट लागली आहे. तासभर चाललं की उजवा खांदा भरून येतो, दोन तासांनी मान वळवणंही नको वाटतं. मागच्या रविवारी नवरंग पक्षी समोर पायवाटेवर उतरला होता आणि मला कॅमेरा डोळ्यापर्यंत उचलवेना. हात थरथरत होते. उचलला तोवर तो गेला.
कॅमेऱ्यासोबत आलेला पट्टा बदलून जाड गादीचा घेतला, तरी काही फरक नाही. येत्या रविवारी परत जायचं आहे. पाऊस लागलाय, तिबोटी खंड्या आलाय, यंदा चुकवायचा नाही. व्यायाम करा असं सांगू नका, करते. कुठला पट्टा घेऊ तेवढं सांगा.

डोंगरकडा (रात्री ९.१४)
पट्ट्याच्या नादी लागूच नकोस भावा. ट्रेकची सॅक घे, कमरेला पट्टा असलेली. सॅकच्या दोन्ही खांदेपट्ट्यांना छातीच्या उंचीवर टेपचे (जाड विणलेल्या पट्टीचे) छोटे लूप बांध, त्यात दोन स्क्रूवाले कॅराबिनर (गिर्यारोहणातल्या कड्या) आणि त्यांना कॅमेरा. मानेवर शून्य ग्रॅम. वजन खांद्यावरून कमरेच्या हाडावर उतरतं. आम्ही सह्याद्रीत सगळा संसार असाच वाहतो.

कॅमेरेवाले काका (रात्री ९.३०)
"मोठी लेन्स" म्हणजे कोणती? ३०० मिमी पण मोठीच आणि ६०० पण मोठीच. बॉडी, म्हणजे कॅमेरा कोणता? किती चालता, चढ आहे का, सोबत आणखी काय असतं? एवढं कळल्याशिवाय पट्टा सांगणं म्हणजे न बघता चष्म्याचा नंबर देणं.

हलकंफुलकं (रात्री ९.४१)
लेन्स बदला, प्रश्न मिटला. मी मायक्रो फोर थर्ड्सला, म्हणजे छोट्या सेन्सरच्या हलक्या कॅमेऱ्याकडे गेलो. पॅनासॉनिकची १००-४०० एक किलोच्या आत बसते आणि ८०० मिमीएवढा आवाका देते. माझी मानदुखी त्या दिवसापासून बंद.

तिबोटीवेडी (रात्री १०.०५)
भाऊ नाही, ताई. निकॉन २००-५०० लेन्स आणि डी५०० बॉडी. लेन्स बदलणार नाही, दोन वर्षं पैसे साठवून घेतली आहे. कर्नाळ्याच्या पक्षी अभयारण्यात जाते, चार-पाच तास होतात. सोबत दुर्बीण आणि पाणी. आता सांगा.

कॅमेरेवाले काका (रात्री १०.२२)
आता चित्र दिसलं. लेन्स कॉलरसकट (लेन्सभोवतीचं कडं, त्यालाच खाली पाय असतो) २३०० ग्रॅम, डी५०० बॅटरीसकट ८६०. म्हणजे तीन किलोच्या वर झालं, त्यात दुर्बीण वेगळी. एवढं ओझं मानेवर घेऊन चार तास कोणीच चालू शकत नाही, गादी कितीही जाड असू दे. गादीने पट्टा रुतायचा थांबतो, वजन आहे तेवढंच राहतं.
एकच विचारतो. पट्टा नेमका कुठे अडकवला आहे? बॉडीच्या दोन कानांना की लेन्सच्या पायाला?

तिबोटीवेडी (रात्री १०.२६)
बॉडीला. पट्टा बॉडीलाच असतो ना? लेन्सचा पाय कॉलरसकट काढून घरी ठेवलाय. हाताला लागायचा आणि २१० ग्रॅम वाचतात.

कॅमेरेवाले काका (रात्री १०.३८)
ताई, दुखणं इथेच आहे. पट्टा बॉडीला आणि पुढे दोन किलोची लेन्स, म्हणजे लेन्स खाली लोंबते, बॉडी पोटात घुसते आणि प्रत्येक पावलाला सगळा झोका मानेवर येतो. शिवाय तो सगळा भार माउंटच्या, म्हणजे लेन्स आणि बॉडीच्या जोडाच्या कड्यावर. एवढ्या जड लेन्सला बॉडी लावायची असते, बॉडीला लेन्स नाही. धरताना, उचलताना, टांगताना, कायम लेन्सला धरायचं.
आज रात्रीच कॉलर परत चढवा. ते २१० ग्रॅम वाचवू नका. पायाला स्क्रूने बसणारा तिरपा पट्टा घ्या, डाव्या खांद्यावरून उजव्या कमरेशी येणारा. लेन्स टोक मागे करून कमरेला आडवी राहते. उचलायची वेळ आली की पायच मुठीत येतो, पिशवीच्या कडीसारखा.

ओसरी (रात्री १०.५१)
काकांशी सहमत. मी ब्लॅकरॅपिडचा तसाच तिरपा पट्टा वापरते, २००-५०० वरच, चार वर्षं झाली. फक्त तो स्क्रू दर अर्ध्या तासाने बोटाने चाचपायचा. सैल होतो.

डोंगरकडा (रात्री ११.०२)
दर अर्ध्या तासाने तपासायला लागणाऱ्या स्क्रूवर तीन किलो टांगायचे? माझ्या मित्राची लेन्स अशाच तिरप्या पट्ट्यावरून सुटून दगडावर पडली. स्क्रू फिरत फिरत निघाला होता. आणि तिरपा म्हणजे सगळं वजन पुन्हा एकाच खांद्यावर, ताईंचा एक खांदा आधीच दुखतोय. दोन खांदे आणि कंबर हाच मार्ग आहे.

कॅमेरेवाले काका (रात्री ११.१०)
तुमच्या पद्धतीत कॅमेरा छातीवर लोंबतो. कर्नाळ्याच्या ओल्या पायऱ्या उतरताना पाय कुठे पडतोय ते दिसणार कसं? लेन्स छातीवर आपटते ते वेगळंच.

डोंगरकडा (रात्री ११.१३)
चालताना सॅकमध्ये टाकायची. पक्षी असतील तिथे बाहेर काढायची.

कॅमेरेवाले काका (रात्री ११.१५)
आणि नवरंग तोवर थांबून राहील?

मणका (गुरुवार, सकाळी ७.२०)
ताई, तुमचा धागा वाचून राहवलं नाही. मी फिजिओथेरपिस्ट आहे. पट्ट्याचं नंतर बघू. हाताला मुंग्या येतात का? बोटं बधिर होतात का? येत असतील तर कोणत्या बोटांना?

तिबोटीवेडी (सकाळी ८.०२)
अंगठ्याला येतात कधीकधी. पण ते स्कूटरमुळे असेल. पनवेलहून कर्नाळा बारा किलोमीटर, महामार्गावर खड्डे आहेत.

ओसरी (सकाळी ८.०९)
स्कूटर?! हे आत्ता सांगताय? लेन्स तेव्हा कुठे असते?

तिबोटीवेडी (सकाळी ८.११)
गळ्यात, रेनकोटच्या आत. दुसरीकडे कुठे ठेवणार, डिकीत मावत नाही.

मणका (सकाळी ८.३५)
अंगठ्याला मुंग्या आणि त्याच बाजूचा खांदा भरून येणं, याचं मूळ मानेतली नस दबण्यात असू शकतं. असेलच असं इथून सांगता येणार नाही, पण रविवारच्या आधी अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा. मी हे कोणाला सहज सांगत नाही. आणि स्कूटरवर गळ्यात तीन किलो बिलकुल नको. प्रत्येक खड्ड्याला मानेला झटका बसतोय, आणि अचानक ब्रेक दाबावा लागला तर ती लेन्स तुमच्या आणि हँडलच्या मध्ये येईल.

डोंगरकडा (सकाळी ९.००)
हेच म्हणत होतो. सॅक.

कॅमेरेवाले काका (सकाळी ९.२०)
स्कूटरसाठी सॅक, इथे माझी शंभर टक्के सहमती. पाठीवरच ठेवा, पायाजवळच्या पाटीवर नको. तिथे थरथर थेट लेन्सला पोचते, त्या थरथरीनेच स्क्रू सुटतात आणि झूमही सैल पडतं. बॉडी वेगळी काढून ठेवा, लेन्स २०० वर आणून झूमचं कुलूप लावा. मग लांबी २७ सेंटिमीटरच्या आसपास राहते, साध्या सॅकमध्ये जाडा टॉवेल गुंडाळून उभी बसते. महागडी कॅमेरा बॅग लागत नाही.

पाणवठा (सकाळी १०.४०)
विषय थोडा वेगळा आहे, पण बोलणं भाग आहे. तिबोटीसाठी जाताय म्हणून लिहितो. ओढ्याकाठच्या मातीत तो बोगदा करून घरटं करतो, आणि दरवर्षी पंधरा-वीस जण मोठ्या लेन्सा घेऊन त्या तोंडासमोर तासन्‌तास बसतात. चोचीत भक्ष्य घेऊन पक्षी फांदीवर ताटकळत राहतो, आत पिल्लं उपाशी. कृपया घरट्यावर जाऊ नका. पक्षी जेमतेम तेरा सेंटिमीटरचा, त्याला एवढी गर्दी सोसत नाही.

तिबोटीवेडी (सकाळी १०.५२)
घरट्यावर मी जात नाही. ओढ्याकडच्या वाटेवर लांब बसते, आला तर आला. पण प्रश्न पट्ट्याचा आहे हो.

शून्यप्रकाश (सकाळी ११.१५)
जूनमध्ये त्या झाडीत या लेन्सच्या एफ ५.६ छिद्राला पुरेसा उजेड मिळणार नाही. हातात धरून १/६० सेकंदावर काय येणार? मोनोपॉड (एका पायाचा स्टँड) घ्या. वजनही तोच पेलतो. चालताना लेन्सला लावूनच खांद्यावर टाकायचा, कुदळ टाकतात तसा. खांद्याला रुततो, म्हणून एसीच्या पाइपवर असतो तो काळा फोम फूटभर कापून वर चढवा.

ओसरी (सकाळी ११.३०)
खांदा दुखतोय त्यांचा! आणि एका हातात छत्री असते पावसात.

शून्यप्रकाश (सकाळी ११.३२)
डाव्या खांद्यावर टाका. छत्री कशाला, रेनकोट आहे ना.

हलकंफुलकं (दुपारी १२.१०)
मायक्रो फोर थर्ड्स नको तर निकॉनमध्येच हलकं आहे. ३०० मिमी पीएफ (हलक्या बांधणीची लेन्स) ७५५ ग्रॅमची. १.४ चा कन्व्हर्टर (आवाका वाढवणारा जोड) लावला तर ४२० मिमी एफ ५.६ आणि दोन्ही मिळून किलोच्या आत. किंवा ५०० पीएफ, १४६० ग्रॅम, छिद्र तेवढंच ५.६. वापरलेली मिळते. मान एकदा गेली की गेली, लेन्स विकता येते.

ओसरी (दुपारी १२.२५)
त्यांनी कालच सांगितलंय की बदलणार नाहीत. तरी तेच?

हलकंफुलकं (दुपारी १२.३१)
सांगितलंय, वाचलंय. पण मी स्वतः दोन वर्षं पट्टेच बदलत बसलो होतो आणि शेवटी डॉक्टरांचा गळपट्टा लावून घरी बसलो. ते त्यांना होऊ नये, एवढंच.

वेचणी (दुपारी १.०५)
आत्ताच धागा वाचला. मी पाच फूट उंचीची आहे, ताई तुम्हीही बुटक्या असाल तर छातीवर कॅमेरा अडकवायची प्लेट असलेलं जाकीट कोणी सुचवलं तरी घेऊ नका. आम्हा बायकांना ते छातीवर नीट बसत नाही, आणि जूनच्या घामात ते घालून अर्धा तासही निघत नाही. मी काका आणि डोंगरकडा दोघांच्या म्हणण्याची सांगड घातली आहे. तिरपा पट्टा लेन्सच्या पायाला, आणि त्याच्या स्क्रूला निळं लॉकटाइट (स्क्रू सैल होऊ न देणारा गोंद). लाल नको, लाल लावलं तर निघणारच नाही. वर एक जोडदोरी: बॉडीच्या कानातून जाड नायलॉनची दोरी काढून पट्ट्याच्या कडीला बांधते. स्क्रू सुटलाच तरी लेन्स दोरीवर लटकते, खाली पडत नाही. दुर्बीण वेगळी गळ्यात न घालता सॅकच्या खांदेपट्ट्याला. आणि दर तासाला खांदा बदलायचा, घड्याळ लावून.
जोडदोरी सॅक दुरुस्त करणाऱ्याकडून शिवून घेतली, त्याने दोन टाके जास्तच घातले.

डोंगरकडा (दुपारी १.२०)
जोडदोरी पटली. मला कालपासून हेच म्हणायचं होतं, एकाच बिंदूवर कधीही भरवसा नाही. फक्त दोरी आखूड ठेवा. लांब असेल तर पडताना झटका जास्त बसतो.

कॅमेरेवाले काका (दुपारी १.४४)
वेचणींचा प्रतिसाद सगळ्यात उत्तम. मी त्यात भर घालतो ती पावसाची. डी५०० पावसाचे थेंब सोसतो, ही लेन्स तशी बंद बांधणीची नाही. झूम आतबाहेर करताना दमट हवा आत ओढते. लेन्सवर पावसाळी झोळ घाला, घरी आल्यावर पुसून सिलिका जेलच्या डब्यात.

अंगठासुळका (दुपारी २.१५)
सिलिका जेल निळ्यावरून गुलाबी झालं की कढईत गरम करून परत वापरता येतं का? आणि कर्नाळ्याला किल्ल्यापर्यंत जाणार असाल तर सुळक्याच्या कपारीत आग्या माशांची पोळी असतात. अत्तर लावून जाऊ नका.

तिबोटीवेडी (दुपारी २.४०)
किल्ल्यावर जात नाही. कॉलर रात्रीच चढवला. आज संध्याकाळची डॉक्टरांची वेळ घेतली आहे. पट्टा ओसरींनी सांगितलाय तोच मागवते, शनिवारपर्यंत येईल म्हणतायत. सगळ्यांचे आभार.

तिबोटीवेडी (रविवार, रात्री ९.३५)
डॉक्टर म्हणाले मानेचे स्नायू कडक झालेत, मुंग्या वाढल्या तर एमआरआय काढू. चार तासांचं दोन तासांवर आणायला सांगितलं, ते ऐकलं. स्कूटरवर सॅक, चालताना तिरपा पट्टा, जोडदोरीसकट.
फरक आहे. खांदा दुखला, पण मान दुखली नाही. तिबोटी एकदाच दिसला, ओढ्यावरून जांभळी-केशरी रेघ गेल्यासारखा, फोटो नाही. पण या वेळी कॅमेरा डोळ्याला लागला होता आणि हात थरथरत नव्हते.
एकच अडचण. उतारावर लेन्सचं तोंड खाली झुकतं आणि हूड (पुढची नळी) मांडीच्या मागे आपटतो.

कॅमेरेवाले काका (रात्री ९.५०)
पायाला लांब प्लेट आहे का? असेल तर पट्ट्याची कडी दोन बोटं पुढे, हूडच्या बाजूला सरकवा. तोल मध्यावर आला की झुकणार नाही.

तिबोटीवेडी (रात्री ९.५३)
प्लेट नाही. थेट पायाला स्क्रू आहे.

कॅमेरेवाले काका (रात्री १०.०१)
मग प्लेट येईपर्यंत चालताना हूड उलटा लावा. लांबीही कमी, पुढचं वजनही मागे येतं. जागेवर पोचल्यावर सरळ करा. आणि कॉलर आवळायचा स्क्रू घट्ट आहे ना ते प्रत्येक वेळी बघा. तो सैल असेल तर लेन्स पट्ट्यातच फिरते आणि तेव्हाही आपटते.

वेचणी (रात्री १०.१०)
मुंग्यांचं काय झालं ते पुढच्या आठवड्यात इथे लिहा नक्की.