मदत हवी आहे: कोकण रेल्वेचं क्रॉसिंग, डेडलॉक आणि 'कॉन्कर' परिषद

वशिष्ठीकाठ

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे नुसता वाचतोय, धागा पहिलाच आहे, सांभाळून घ्या.

मी कोकणातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवतो आणि नोकरी सांभाळून पीएचडी करतो. विषय कॉन्करन्सी. एकाच वेळी चाललेल्या अनेक प्रक्रिया एकमेकींची वाट अडवतात तेव्हा काय होतं, हा. उदाहरण घरचंच घेतलंय. कोकण रेल्वेचा रोहा–वीर टप्पा दुहेरी झाला, पण पुढे बहुतेक मार्ग अजून एकेरीच आहे. समोरून गाडी येणार असली की आपली गाडी लूपवर, म्हणजे स्टेशनातल्या बाजूच्या लाइनवर, उभी, आणि लोक "क्रॉसिंग आहे" म्हणत फलाटावर उतरून पाय मोकळे करतात. आता समजा सावर्ड्याच्या सगळ्या लाइन मडगावकडे जाणाऱ्या गाड्यांनी भरल्या आणि पुढच्याच आरवली स्टेशनाच्या सगळ्या लाइन मुंबईकडे येणाऱ्या गाड्यांनी. कोणीच हलू शकत नाही. हाच डेडलॉक. (प्रत्यक्षात कंट्रोलवाले असं होऊ देत नाहीत, हे माझं कागदावरचं मॉडेल आहे.)

मी सुचवलेला नियम असा: स्टेशनात जितक्या लाइन, त्याहून एक कमी इतक्याच गाड्या एका दिशेच्या घ्यायच्या. आणि पुढच्या स्टेशनात लाइन राखून ठेवल्याशिवाय गाडी सोडायची नाही. प्रोमेला या मॉडेल लिहायच्या भाषेत ते लिहिलं आणि स्पिनवर चालवलं (मॉडेलच्या सगळ्या शक्य स्थिती तपासणारा प्रोग्राम). तीन, चार, पाच स्टेशनांपर्यंत डेडलॉक नाही. सहाव्या स्टेशनाला माझा १६ जीबीचा लॅपटॉप आडवा झाला.

प्रश्न: हे 'कॉन्कर'ला, म्हणजे कॉन्करन्सीवरच्या आंतरराष्ट्रीय परिषदेला, पाठवण्यासारखं आहे का? गाईड म्हणतात, कॉन्फरन्स कोणी धरत नाही, जर्नल बघा. त्यात बँकॉकच्या एका परिषदेची मेल आलीय. नावात 'कॉन्करंट कॉम्प्युटिंग' आहे, ७२ तासांत स्वीकृती, फी भरली की झालं. स्टाफरूममध्ये सगळे म्हणतायत, तिकडेच टाक आणि मोकळा हो. माझ्या ओळखीत या विषयातलं कोणीच नाही, म्हणून इथे विचारतोय.

कुडकुडे

शीर्षक वाचून वाटलं गणपतीचं आरक्षण मिळत नाहीये. तरी वाचतोय. येऊ द्या.

अर्धविराम

या विषयात पीएचडी केली आहे, सध्या युरोपात असतो, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

आधी बँकॉक. त्या मेलला उत्तरसुद्धा देऊ नका. सिद्धान्ताचा पेपर ७२ तासांत कोणी तपासू शकत नाही, एका लेम्मावर (मोठ्या प्रमेयाच्या वाटेवरचं छोटं प्रमेय) दोन दिवस जातात. 'कॉन्कर'चं चक्र साधारण असं: वसंतात पेपर जातो, मधे परीक्षकांच्या शंकांना उत्तर द्यायची संधी मिळते, उन्हाळ्यात निकाल आणि ऑगस्ट–सप्टेंबरच्या सुमारास परिषद. कुठल्याही परिषदेची शहानिशा करायची सोपी रीत म्हणजे कार्यक्रम समितीतली, म्हणजे पेपर निवडणाऱ्यांतली, चार नावं घ्या आणि त्यांचे पेपर तुम्ही कधी वाचलेत का ते स्वतःला विचारा. एकही वाचला नसेल तर एक तर परिषद बोगस आहे किंवा ती तुमच्या विषयाची नाही.

'कॉन्कर' १९९० मध्ये ॲमस्टरडॅमला सुरू झाली. रॉबिन मिल्नरचं सीसीएस, टोनी होअरचं सीएसपी, कार्ल आडाम पेट्रीच्या १९६२च्या प्रबंधातून निघालेली पेट्री नेट्स, या एकाच वेळी चालणाऱ्या प्रक्रिया गणितात मांडायच्या वेगवेगळ्या पद्धती, ही त्यामागची घराणी. घराणी शब्द मुद्दाम वापरतोय, कारण तेव्हा प्रत्येकाची गायकी वेगळी होती आणि एकमेकांचं ऐकायला एक मैफल हवी होती. १९९३ ला हिल्डेसहाइमला कोहेई होंडाचा पेपर आला. दोन प्रक्रियांमधल्या संवादालाच टाइप द्यायचा, म्हणजे कोणी कधी काय पाठवायचं हे आधीच ठरवून तपासायचं, ही त्याची कल्पना. आज ज्याला सेशन टाइप्स म्हणतात त्याचं मूळ तिथे आहे. परिषद नेहमी युरोपातच असते असं नाही, ब्युनोस आयरेस, बीजिंग, कॅलगरीलाही झालीय. २०१५ पासूनचे खंड जर्मनीतल्या दागश्टुल या संस्थेच्या 'लिपिक्स' मालिकेत आहेत, वाचायला फुकट. मागच्या तीन वर्षांच्या अनुक्रमणिका आधी चाळा, हे माझं पहिलं सांगणं.

आता तुमचा पेपर. तिथले परीक्षक एकच विचारतील: पाच स्टेशनं तपासलीत, सातव्याचं काय? सत्तराव्याचं? प्रमेय 'कितीही स्टेशनं असोत' असं हवं. सर्वसाधारणपणे हे यंत्राकडून करून घेता येत नाही. 'प्रक्रियांची संख्या कितीही असो, गुणधर्म टिकतो का' हे ठरवणारा एकच अल्गोरिदम असू शकत नाही, असं आप्ट आणि कोझेन यांनी १९८६ मध्ये दाखवलंय. (आपटे नव्हेत, आप्ट. पोलिश आहेत.)

तिसरी_घंटा

अर्धविराम यांना +१. गाईडच्या मुद्द्यावर थोडं: बाकी शाखांत कॉन्फरन्स म्हणजे चहा-बिस्किटं आणि प्रमाणपत्र, त्यामुळे ते म्हणतात ते त्यांच्या अनुभवातून खरंच आहे. थिअरीत मात्र परिषदेचा पेपर हाच मुख्य, जर्नल आवृत्ती मागून निवांत येते. यूजीसीच्या २०२२च्या नियमावलीत प्रबंधाआधी पेपर छापलाच पाहिजे अशी सक्ती राहिलेली नाही, पण विद्यापीठं स्वतःची अट ठेवू शकतात. तुमच्या पीएचडी सेलकडून लेखी घ्या. तोंडी आश्वासनं पुढच्या डीनबरोबर बदलतात, स्वानुभव.

आणि ओळखीत कोणी नाही म्हणता, तर परदेशाआधी डिसेंबरातली एफएसटीटीसीएस ही सैद्धान्तिक कॉम्प्युटर सायन्सची परिषद गाठा. १९८१ पासून दरवर्षी भारतात होते, २०११ आणि २०१९ ला आयआयटी मुंबईलाच होती. कॉन्करन्सी आणि ऑटोमाटा (गणनेची अमूर्त यंत्रं) यांवर काम करणारे चेन्नईचे लोक तिथे हमखास भेटतात. पेपर नसला तरी नुसतं ऐकायला जाता येतं. पहिल्या वेळी मला निम्म्याहून जास्त कळलं नव्हतं, पण चहाच्या रांगेत मागे उभ्या असलेल्या माणसाने माझी एक चूक पाच मिनिटांत दाखवली होती.

वशिष्ठीकाठ

दोघांचेही मनापासून आभार. बँकॉक कॅन्सल.

अर्धविराम, सातव्या स्टेशनाचं पटलं. एका मित्राच्या कंपनीत २५६ जीबीचा सर्व्हर आहे, रात्री वापरू देईल. त्यावर दहा स्टेशनांपर्यंत गेलो तर चालेल का?

अर्धविराम

सर्व्हर नको. वही घ्या.

शेवटच्या स्टेशनापलीकडे, म्हणजे मडगावच्या बाजूला, जागेची अडचण नाही असं तुम्ही धरलंय, बरोबर? आता समजा डेडलॉक झालाय. गाडी सेक्शनमध्ये, म्हणजे दोन स्टेशनांच्या मधे, अडकलेली असणार नाही, कारण पुढची लाइन राखल्याशिवाय ती सुटलेलीच नाही. म्हणजे सगळ्या गाड्या स्टेशनांत उभ्या. मडगावच्या आधीच्या शेवटच्या स्टेशनात मडगावकडे जाणारी गाडी असती तर ती निघून गेली असती. म्हणजे तिथे तशी गाडी नाही, फक्त मुंबईकडच्या आहेत. आणि तुमच्या नियमाने त्या लाइनींपेक्षा एक तरी कमी. म्हणजे एक लाइन रिकामी. मग त्याच्या आधीच्या स्टेशनातली मडगावची गाडी त्या लाइनवर येऊ शकली असती. म्हणजे तिथेही तशी गाडी नाही. असंच मागे मागे सरकत रोह्यापर्यंत या. मडगावकडे जाणारी गाडी कुठेच नाही. उलट दिशेनेही हेच. म्हणजे मार्गावर गाडीच नाही, मग अडलंय कोण?

स्टेशनं कितीही असोत, प्रत्येकात दोन तरी लाइन असल्या की झालं. नियम बरोबर आहे, अभिनंदन. पण पाच ओळींत संपणारी गोष्ट 'कॉन्कर' घेणार नाही.

वशिष्ठीकाठ

दोनदा वाचलं. मग वहीत लिहून काढलं. मग गच्चीवर जाऊन आलो.

हसावं की रडावं कळत नाही. दोन वर्षं त्या मॉडेलची स्टेट स्पेस, म्हणजे तपासायच्या सगळ्या स्थितींचा पसारा, लहान करण्यात घालवली. नवरात्रात लॅपटॉप चार दिवस सलग चालू ठेवला होता, आईला वाटलं त्यावर काही अनुष्ठान चाललंय.

कुडकुडे

मास्तर, मला यातलं ओ की ठो कळत नाही, पण ती पाच ओळींची गोष्ट कळली. म्हणजे तुमचा नियम चांगलाच असणार.

खालचा_बर्थ

मी निवृत्त स्टेशन मास्तर. कोकणात नव्हतो, दुसऱ्या एकेरी मार्गावर होतो. गणित माझ्या डोक्यावरून गेलं, पण दोन शंका आहेत.

एक, तुमच्या नियमात पॅसेंजर दिवसभर लूपवर उभी राहील आणि मागून एक्स्प्रेस सुटत राहतील. गाड्या चालू आहेत, म्हणजे तुमच्या भाषेत डेडलॉक नाही. पण त्या पॅसेंजरमधल्या माणसाला हे कसं समजावणार?

दोन, तुम्ही सगळ्या लाइन सारख्या धरल्यात. मालगाडी लांब असते. ती प्रत्येक लूपमध्ये मावत नाही. मावली नाही तर मागचे डबे पॉइंटवर, म्हणजे रूळ बदलतो तिथे, राहतात आणि दोन्ही बाजू बंद. आम्ही लांब गाडी सोडायच्या आधी फोनवर पहिलं हेच विचारायचो, लांबीची लाइन मोकळी आहे का. नुसती लाइन मोकळी असून उपयोग नसतो.

अर्धविराम

काका, पेपर तुमच्याकडे आहे!

पहिली शंका म्हणजे लाइव्हनेस. 'वाईट काही घडत नाही' आणि 'चांगलं कधी ना कधी घडतंच' हे दोन वेगळे गुणधर्म आहेत, आणि डेडलॉक नाही एवढ्यावरून पॅसेंजर सुटेल असं काहीही निघत नाही. त्यासाठी नियमात पाळी आणावी लागेल.

दुसरी शंका जास्त मजेची आहे, कारण ती माझी सिद्धता नेमकी मोडते. 'एक लाइन रिकामी, म्हणजे मागची गाडी येऊ शकते' या पायरीवर. रिकामी लाइन आखूड असेल आणि मागची गाडी लांब असेल तर पायरी निसटली. प्रत्येक स्टेशनात दोन लांब लाइन असतील तर तोच नियम लांब लाइनींना वेगळा लावता येईल. पण काही स्टेशनांत एकच असेल तर? अशी किती स्टेशनं सोसतील, कुठे असलेली चालतील, आणि गाड्या कितीही असल्या तरी टिकणारा नियम नुसत्या शेजारच्या स्टेशनाची माहिती घेऊन लिहिता येतो का? याचं उत्तर मला आत्ता वहीवर सुचत नाहीये. म्हणजे लक्षण चांगलं आहे. तरी आधी शोधा, डेडलॉक टाळण्यावर डाइक्स्ट्राच्या बँकर्स अल्गोरिदमपासून (डेडलॉक होणार नाही याची खात्री करूनच साधनं वाटायची जुनी पद्धत) पुष्कळ लिहिलं गेलंय, रेल्वेवरही असणार.

तिसरी_घंटा

वाचनखूण साठवली. वशिष्ठीकाठ, पेपर झाला तर आभारात काकांचं नाव टाका म्हणजे झालं.

वशिष्ठीकाठ

नाव नक्की टाकणार, त्यांची परवानगी असेल तर.

आज कॉलेज सुटल्यावर करून पाहिलं. दोन स्टेशनं, प्रत्येकात एक लांब लाइन आणि एक आखूड, दोन्ही बाजूंनी एकेक लांब गाडी. माझा नियम जसाच्या तसा ठेवला. स्पिनने सेकंदाच्या आत डेडलॉक काढून दाखवला. गेल्या दोन वर्षांत त्याने पहिल्यांदाच मला 'चूक आहे' म्हटलं, आणि इतकं बरं वाटलं की काय सांगू. 'कॉन्कर'चं या वर्षी राहू दे. डिसेंबरात एफएसटीटीसीएसला जायचं ठरवलंय, रजेचा अर्ज टाकला.

खालचा_बर्थ

परवानगी कसली, टाका. पण एक सांगा, आखूड लाइन दोन्हीकडे मोकळीच होती ना? मग एक लांब गाडी मागच्याच स्टेशनात का थांबवून ठेवली नाहीत?