गुडघा टेकणाऱ्या खेळाडूंची हुर्यो: नेमका राग कशाचा?

जादा_वेळ (धागाकर्ता)

मंडळी, फुटबॉलच्या नेहमीच्या धाग्यावर अवांतर नको म्हणून हा वेगळा धागा.

जुने सामने उकरून बघायची मला खोड आहे. परवा २०२१ च्या युरोतला इंग्लंड-क्रोएशिया लावला. किक-ऑफच्या तोंडावर इंग्लंडचे खेळाडू एक गुडघा टेकतात आणि स्टँडमधून 'बूऽऽ' सुरू होतं. पाठोपाठ टाळ्या वाढत जातात आणि ते बूऽऽ त्यात बुडून जातं. सगळा मामला काही सेकंदांचा, पण मी तेवढाच भाग पुन्हा पुन्हा मागे घेऊन ऐकला.

गंमत अशी की ही माणसं परक्या संघाची नाहीत. वेम्ब्ली त्यांचं, जर्सी अंगात त्यांचीच, घरच्या मैदानावर स्पर्धेतला पहिला सामना. आणि चेंडूला पाय लागायच्या आधीच आपल्याच पोरांची हुर्यो?

इतिहास ढोबळ माहीत आहे. २०१६ मध्ये अमेरिकन फुटबॉलमधला कॉलिन केपर्निक वर्णद्वेषाचा निषेध म्हणून राष्ट्रगीताच्या वेळी गुडघ्यावर बसला. मे २०२० मध्ये मिनीआपोलिसला जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीय माणसाचा जीव पोलिसाच्या गुडघ्याखाली गेला. पुढच्याच महिन्यात प्रीमियर लीग पुन्हा सुरू झाली, तेव्हा अ‍ॅस्टन व्हिला-शेफील्ड युनायटेड सामन्यापासून खेळाडू गुडघा टेकायला लागले. आपला क्रिकेट संघही २०२१ मध्ये दुबईत पाकिस्तानविरुद्ध टेकला होता, ते आठवत असेल.

तिकडे राहणाऱ्यांनी किंवा नियमित बघणाऱ्यांनी सांगावं: हुर्यो उडवणारे सगळे वर्णद्वेषी होते का? की भानगड वेगळी आहे?

आडवा_बार

सगळ्यांना एकाच मापाने वर्णद्वेषी ठरवू नका राव. जून २०२० मध्ये जर्सीच्या पाठीवर खेळाडूच्या नावाऐवजी 'ब्लॅक लाइव्ह्ज मॅटर' छापलं होतं. त्याच नावाखाली ब्रिटनमध्ये एक संघटनाही काम करत होती, पोलिसांचा निधी कापा वगैरे तिच्या मागण्या. सामान्य प्रेक्षकाने दोन्ही एकच धरलं तर त्याचं काय चुकलं? पुढच्या मोसमात लीगने स्वतःच ते शब्द काढून 'नो रूम फॉर रेसिझम'चा बिल्ला लावला, ते उगाच नाही.

माणूस आठवडाभर राबून तिकीट काढतो ते खेळ बघायला. राजकारण बाहेर ठेवा, एवढंच त्याचं म्हणणं.

लोफ्टस_रोडकर

आडवाबार, तुमचा मुद्दा इथे इतक्यांदा ऐकलाय की पाठ झालाय. मी बरीच वर्षं पश्चिम लंडनमध्ये आहे आणि क्यूपीआर (क्वीन्स पार्क रेंजर्स) या इथल्या क्लबच्या नादी लागलोय (सांत्वन नको, सवय झालीय). जरा लांबण लागणार, चहा घेऊन बसा.

आधी मिलवॉल, लंडनचाच एक क्लब. ५ डिसेंबर २०२०, समोर डर्बी काउंटी. करोनामुळे महिनोन्‌महिने रिकाम्या असलेल्या त्यांच्या 'द डेन' मैदानात दोन हजार माणसं सोडली होती. रिकाम्या मैदानात गुडघा टेकणं सोपं होतं, हुर्यो उडवायला होतं कोण? खरी परीक्षा माणसं परत आली त्या दिवशी. मिलवॉलच्या खेळाडूंनाही त्याची कल्पना असावी, कारण आदल्याच दिवशी त्यांनी पत्रक काढून सांगितलं होतं की हा कुठल्याही राजकीय संघटनेला पाठिंबा नाही, भेदभावाविरुद्ध म्हणून आम्ही टेकतोय. इतकं स्वच्छ सांगितल्यावरही हुर्यो झालीच. तेव्हा 'लोकांचा गैरसमज झाला' हे कारण निदान त्या दिवशी तरी लागू पडत नाही. मिलवॉलचाच माहलोन रोमिओ नंतर उघड बोलला की त्याला हा अपमान वाटला.

तीनच दिवसांनी त्याच मैदानावर आमची त्यांच्याशी गाठ. पाहुण्या प्रेक्षकांना प्रवेश नव्हता, म्हणून मी घरी लॅपटॉपसमोर. मिलवॉलचे खेळाडू हातात हात गुंफून उभे, पुढे भेदभावाविरुद्धचा फलक, आणि आमचे खेळाडू गुडघ्यावर. या वेळी त्याच डेनमध्ये टाळ्या! संदेश तोच, खुर्च्यांवरची माणसंही बरीचशी तीच असणार. त्यांच्या संघाने फक्त गुडघा तेवढा वगळला होता.

आता 'राजकारण नको'बद्दल. दर नोव्हेंबरला इथे जवळपास प्रत्येक जर्सीवर पॉपीचं लाल फूल असतं, युद्धात गेलेल्या सैनिकांच्या स्मरणार्थ. सामन्याआधी शांतता पाळतात, बिगुल वाजतो. २०१६ मध्ये फिफाने या फुलाला राजकीय चिन्ह ठरवून इंग्लंड-स्कॉटलंडच्या संघटनांना दंड केला, तेव्हा इथली माणसं फिफावरच तुटून पडली. मलाही तो दंड मूर्खपणाचा वाटला होता. पण मग कबूल करा ना, की मैदानावर खेळाखेरीज काहीच चालणार नाही असं तुमचं म्हणणं नाहीये. आपलं ते स्मरण आणि दुसऱ्याचं ते राजकारण, अशी वाटणी आहे.

जादावेळ, तुम्ही बघितलेल्या सामन्याला मी होतो. वेम्ब्ली तेव्हा पावसुद्धा भरलेलं नव्हतं, मध्ये मध्ये खुर्च्या रिकाम्या सोडलेल्या. भरल्या स्टेडियमचा आवाज एकजीव असतो. त्या दिवशी तो सुटा सुटा होता, कोण ओरडतंय ते बोट ठेवून दाखवता आलं असतं. माझ्या खाली दोन रांगा सोडून पन्नाशीचा एक गृहस्थ. खेळाडू वाकले तसा त्याने तोंडापुढे दोन्ही हातांचा कर्णा केला आणि मान ताठ करून एका दमात बूऽऽ. शेजारची बाई त्याच्याकडे रोखून बघत, हात मुद्दाम डोक्यावर नेऊन टाळ्या पिटायला लागली. खेळाडू उठले, याने कर्णा मोडला आणि त्याच हातांनी टाळ्या सुरू. ५७ व्या मिनिटाला इंग्लंडच्या स्टर्लिंगने, म्हणजे एका कृष्णवर्णीय खेळाडूनेच, गोल केला तेव्हा गड्याने मारलेली उडी बघण्यासारखी होती.

सामना सुटल्यावर वेम्ब्ली पार्क स्टेशनाकडे गर्दी तुकड्या-तुकड्यांनी सोडतात. त्या खोळंब्यात नेमका तो माझ्या शेजारी. गप्पा निघाल्या. स्टर्लिंग त्याचा आवडता, मँचेस्टर सिटीत आल्यापासून तो त्याला बघतोय. मग ओरडलात का? तर म्हणे, मला आयुष्यात कधी कुणाच्या रंगाशी देणंघेणं नव्हतं, आणि ही पोरं दर सामन्याला मलाच शाळेत बसवतात. रागाने नव्हे, अगदी समजावणीच्या सुरात बोलत होता.

माझ्या मते त्या हुर्योचा मोठा हिस्सा हा होता. उपदेशाची चीड. त्याच्याआड खरे विखारी लोकही मजेत ओरडून घेत होते, आणि ह्या गृहस्थाला त्यांची संगत खटकत नव्हती, हा माझा त्याच्यावरचा आक्षेप. शिवाय हा सगळा खुलासा त्याने स्टेशनच्या रांगेत माझ्यापाशी केला. मैदानावर वाकलेल्या स्टर्लिंगपर्यंत पोचलं ते नुसतं बूऽऽ.

ब्रिटनच्या गृहमंत्री प्रीती पटेल तेव्हा या कृतीला दिखाऊ राजकारण म्हणाल्या होत्या, आणि हुर्यो उडवायची की नाही हे प्रेक्षकांचं प्रेक्षकांनी ठरवावं, असंही. महिन्याभरात, ११ जुलैला, अंतिम सामन्यात रॅशफर्ड, सँचो आणि साका या इंग्लंडच्या तिघा कृष्णवर्णीय खेळाडूंच्या पेनल्टी हुकल्या. साका तेव्हा १९ वर्षांचा. रात्रभर तिघांच्या खात्यांवर माकडांची चित्रं पडत होती. पटेलबाईंनी निषेध केला, तेव्हा संघातल्याच टायरोन मिंग्जने त्यांना जाहीरपणे सुनावलं: आधी तुम्हीच आग पेटवलीत, आता किळस आल्याचं दाखवू नका, अशा आशयाचं.

आडवा_बार

पॉपीचा मुद्दा मान्य, त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. पण एक सांगा. तुमच्याच क्यूपीआरने तर आधीच गुडघा टेकणं थांबवलं होतं. लेस फर्डिनांड स्वतः कृष्णवर्णीय, तेव्हा क्लबचा फुटबॉल संचालक. तोच म्हणाला की यात आता दम राहिलेला नाही. मग तो बोलला तर शहाणा आणि प्रेक्षक बोलला तर वाईट?

लोफ्टस_रोडकर

वाटच बघत होतो या प्रश्नाची.

सप्टेंबर २०२० मध्ये कॉव्हेंट्रीविरुद्ध आमचे खेळाडू टेकले नाहीत म्हणून बाहेर ओरड झाली, त्यावर फर्डिनांडचं ते निवेदन आलं. त्याचं म्हणणं असं होतं की ही कृती आता जाहिरातीसारखी गुळगुळीत झालीय, ती केली की सगळ्यांना आपलं काम संपल्यासारखं वाटतं आणि प्रत्यक्षात बदलत काहीच नाही. क्रिस्टल पॅलेसचा विल्फ्रेड झाहा मार्च २०२१ पासून ताठ उभा राहायला लागला, त्याचंही दुखणं हेच. टेकलो तरी शिव्या पडतात, नाही टेकलो तरी पडतात. मग उभाच राहतो.

आता यात आणि त्या गृहस्थात फरक बघा. फर्डिनांडची तक्रार आहे की हे पुरेसं नाही, आणखी करा. गृहस्थाची तक्रार आहे की हे फार होतंय, बंद करा. दोघांनीही 'थांबवा' म्हटलं म्हणून दोघं एका पंगतीत बसत नाहीत. आणि हो, ज्यांनी थांबवलं होतं तेच आमचे खेळाडू मिलवॉलला मात्र गुडघ्यावर गेले. हुर्यो झाल्यावर त्या गुडघ्याला पुन्हा धार आली होती.

तिसरा_पंच

दोघांचं वाचलं. राजकारणाचा मुद्दा धरून बसणाऱ्यांसाठी बुडापेस्टची गोष्ट सांगते.

२०२१ च्या युरोत बुडापेस्टमध्ये प्रेक्षकांचं वर्तन इतकं वाईट होतं की युएफाने (युरोपच्या फुटबॉल संघटनेने) हंगेरीला रिकाम्या मैदानात खेळायची शिक्षा दिली. त्या शिक्षेतला एक सामना ४ जून २०२२ ला इंग्लंडविरुद्ध आला. नियमात पळवाट होती: मोठ्यांच्या सोबतीने लहान मुलांना आत घेता येतं. हंगेरीने तीस हजारांहून जास्त प्रेक्षक आणले, बहुतेक शाळकरी पोरं. इंग्लंडचे खेळाडू टेकले आणि त्या पोरांनी हुर्यो उडवली. दहा-बारा वर्षांच्या मुलांनी कुठल्या संघटनेचा जाहीरनामा वाचला होता? घरात, टीव्हीवर मोठ्यांचं जे बघितलं ते केलं. इंग्लंडचा तेव्हाचा प्रशिक्षक साउथगेटसुद्धा सामन्यानंतर म्हणाला की मुलांवर मोठ्यांचाच प्रभाव असतो.

अवांतर: दुबईचं निघालंच आहे तर दक्षिण आफ्रिकेचा डी कॉकही आठवा. २०२१ च्या त्याच टी-ट्वेंटी विश्वचषकात त्यांच्या बोर्डाने सगळ्यांनी टेकायचंच असा हुकूम काढला आणि तो वेस्ट इंडीजविरुद्धच्या सामन्यातून बाहेर बसला. पुढे माफी मागून टेकलासुद्धा. पण हुकमाने टेकवलेल्या गुडघ्यात मला तरी काही अर्थ दिसत नाही.

आणि पुरुषांच्या सामन्यांवरच चर्चा चाललीय म्हणून: जुलै २०२५ च्या महिला युरोत इंग्लंडच्या जेस कार्टरला ऑनलाइन घाणेरड्या वर्णद्वेषी शिव्या पडल्या. संघाने ठरवलं की इटलीविरुद्धच्या उपान्त्य सामन्याआधी टेकायचं नाही. जिनिव्हात सगळ्या उभ्या राहिल्या, राखीव खेळाडू कडेला एकमेकींच्या खांद्यावर हात टाकून. मला तो निर्णय आवडला. इतकी वर्षं टेकूनही मैत्रिणीच्या वाट्याला हेच येणार असेल, तर तोच विधी पुन्हा कशाला? अंतिम सामन्यात कार्टर पहिल्या अकरांत होती, आणि कप त्यांनीच नेला.

जादा_वेळ

सगळ्यांचे आभार, बरंच उलगडलं. शेवटची शंका: प्रीमियर लीगमध्ये हे आता पूर्ण बंद आहे का? आणि याच्या जागी काही आलं का, की हुर्योवाले जिंकले?

लोफ्टस_रोडकर

पूर्ण बंद नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये कर्णधारांनी मिळून ठरवलं की दर सामन्याला नको, त्या मोसमात ठरावीक वेळीच: मोसमाची पहिली फेरी, वर्णद्वेषविरोधी मोहिमेच्या फेऱ्या, बॉक्सिंग डे, शेवटचा दिवस आणि कपांचे अंतिम सामने. आता टेकतात तेव्हा थोड्या टाळ्या पडतात, बरेचसे लोक फोनमध्ये असतात. हुर्यो माझ्या कानावर क्वचितच येते.

मे २०२४ मध्ये फिफाने दुसरी खूण आणली. दोन्ही मनगटं एकमेकांवर आडवी धरायची. ही सामन्याआधीची नाही, सामना चालू असताना शिवी ऐकणाऱ्या खेळाडूने पंचाला करायची. मग पायऱ्या ठरलेल्या: आधी खेळ थांबवणं, ऐकलं नाही तर खेळाडूंना आत नेणं, तरीही नाही तर सामना रद्द. प्रेक्षकाला ती आवडो न आवडो, पंचाला हालचाल करावी लागते, म्हणून मला ती जास्त पटते.

शेवटी कोर्टाइतका धाक कशालाच नाही, हे माझं मत. इथे १९९१ च्या कायद्याने मैदानावरच्या वर्णद्वेषी घोषणा गुन्हा ठरल्या, पण त्यात घोषणा गटाने दिलेली असावी लागायची. एकटा ओरडला तर सुटायचा. ती फट बुजायला १९९९ उजाडलं. स्पेनमध्ये रेआल माद्रिदच्या व्हिनिसियसला मे २०२३ मध्ये व्हॅलेन्सियात शिव्या देणाऱ्या तिघांना वर्षभराने आठ-आठ महिन्यांची शिक्षा झाली, तिकडच्या फुटबॉलमधली अशी पहिलीच.

आडवा_बार

कोर्टाचं पटलं. शिवी देणाऱ्याला खुशाल आत टाका. पण नुसती हुर्यो उडवणाऱ्यालाही त्याच दोरीने बांधणार असाल तर मी तुमच्याबरोबर नाही, हे नोंदवून ठेवतो.

तिसरा_पंच

त्याला कोण बांधतंय? ओरडू दे की. त्या शेजारच्या बाईसारख्या टाळ्या पिटायला आपण मोकळे आहोतच.