स्थित्यंतराच्या दिवसांत सोबत केलेले ग्रंथ : आपले अनुभव

गेल्या वर्षी यजमान गेले आणि त्यानंतर आठ महिन्यांनी वाईचे राहते घर बंद करून मी पुण्याला मुलाकडे राहायला आले. सामान आवरताना माळ्यावरच्या पेटीत वडिलांची ज्ञानेश्वरी सापडली. लाल बासन जागोजागी विरले होते. वाचताना ओवीखाली बोट धरण्याची त्यांना सवय होती, त्यामुळे नवव्या अध्यायाच्या पानांच्या कडा तेलकट, तपकिरी झाल्या होत्या. शेवटच्या कोऱ्या पानावर त्यांनी प्रत्येक पारायण पुरे झाल्याची तारीख पेन्सिलीने लिहून ठेवली होती. ग्रंथाच्या ओव्या सुमारे ९,०००. रोज २५ वाचल्या की वर्षभरात पारायण होते, हा त्यांचा हिशेब, आणि तारखाही तशाच वर्षावर्षाच्या अंतराने येतात. फक्त एका ठिकाणी हे अंतर अडीच वर्षांचे आहे. आई गेली ते वर्ष नेमके त्या अंतरात येते.

बाबा त्या दुःखातून ज्ञानेश्वरीमुळे तरले, असे आम्ही भावंडे आजवर एकमेकांना सांगत आलो. त्या दोन तारखा मात्र वेगळे सांगतात: त्यांनाही कितीतरी दिवस पोथी उघडवली नव्हती, आणि मग कधीतरी त्यांनी ती उघडली. मला हे कळले तेव्हा फार धीर आला, कारण यजमान गेल्यावर पहिले पाच महिने मलाही एक पान वाचवत नव्हते आणि त्याची मनोमन लाज वाटत होती.

आता रोज सकाळी २५ ओव्या वाचते. सगळ्या समजतात असे नाही. नवव्या अध्यायाच्या आरंभी ज्ञानदेव श्रोत्यांकडे एवढेच मागतात, ‘तरी अवधान एकलें दीजे’. फक्त लक्ष द्या. भक्ती, वैराग्य, मनाची शांती यांपैकी काहीही आधी मागत नाहीत, आणि त्या दिवसांत लक्षाखेरीज देण्यासारखे माझ्यापाशी काही उरलेही नव्हते.

आयुष्याने कूस बदलली तेव्हा आपल्याला कोणत्या ग्रंथाने सोबत केली, ते कृपया सविस्तर लिहावे. ग्रंथाचा उपयोग झाला नसेल, तर तेही अवश्य लिहावे.

नाशिकहून

ताई, माझा अनुभव ‘गीता प्रवचने’चा आहे. अंबडच्या ज्या कारखान्यात मी एकवीस वर्षे काम केले तो बंद झाला, तेव्हा माझे वय ४६ होते. नंतरच्या काही महिन्यांत मी घरी सारखा सांगू लागलो की आता मला नोकरीची हावच उरलेली नाही, गरजा कमी करून साधेपणाने राहू. पत्नी गप्प राहायची. त्याच काळात सासऱ्यांनी हे पुस्तक हातात ठेवले.

विनोबांनी ही प्रवचने १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात दिली, २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत, दर रविवारी एक अध्याय, आणि साने गुरुजींनी ती लिहून घेतली. पहिल्याच प्रवचनात एका न्यायाधीशाची गोष्ट येते. अनेकांना फाशी सुनावलेल्या त्या न्यायाधीशासमोर स्वतःचा मुलगा खुनी म्हणून उभा राहतो, आणि त्याला एकाएकी फाशीची शिक्षा अमानुष वाटू लागते. अर्जुनाचे वैराग्य या जातीचे आहे, असे विनोबा दाखवतात. ते वाचून मी पुस्तक मिटले आणि बाल्कनीत जाऊन उभा राहिलो. माझा साधेपणाही त्याच जातीचा होता. मला हाव नव्हती हे खरे नव्हते. निम्म्या वयाच्या माणसासमोर बायोडेटा घेऊन बसण्याची मला भीती वाटत होती. हे कुणी माणसाने तोंडावर सांगितले असते तर मी भांडलो असतो. पुस्तकाशी भांडता येईना. दुसऱ्या दिवशी पत्नीला मी हे सगळे सांगितले, आणि तिला ते आधीपासून ठाऊक होते.

दिलासा म्हणजे गोंजारणेच असले पाहिजे, असे मला तेव्हापासून वाटत नाही.

नागपूरहून

आमच्याकडे वर्षावासात, म्हणजे आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत, विहारात रोज संध्याकाळी ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे क्रमाने वाचन होते. बाबासाहेबांचा हा ग्रंथ त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर, १९५७ मध्ये प्रसिद्ध झाला. आमच्या वस्तीतल्या विहारात कितीतरी वर्षे वाचनाचा मान माझ्या आईकडे होता. दीक्षाभूमीवरच्या सोहळ्याला ती आजीच्या कडेवर बसून गेली होती, हे ती प्रत्येक वर्षावासात एकदा तरी सांगायची.

आई गेली त्याच वर्षी मुलगी नोकरीसाठी बंगळूरला गेली. घरात मी एकटी उरले. आषाढ पौर्णिमेला मी विहारात मागच्या ओळीत बसले होते, तर बायकांनी ग्रंथ माझ्या मांडीवर आणून ठेवला. मी म्हटले, चष्मा नाही आणला. शेजारच्या आजींनी स्वतःचा काढून दिला, ‘घे, वाच, तुझ्या आईचा आवाज आहे तुझ्यात.’ किसा गोतमीचा प्रसंग आला त्या संध्याकाळी माझा गळा भरून आला. मेलेले लेकरू घेऊन ती दारोदार मोहरी मागत फिरते, आणि ज्या घरात कुणीच मेलेले नाही असे घर तिला मिळत नाही. मी मान वर केली तर समोर बसलेल्या प्रत्येकीच्या घरातले कुणी ना कुणी गेलेले मला माहीत होते, आणि माझे त्यांना. एकटीने घरी बसून हाच मजकूर मी पूर्वी वाचला होता, तेव्हा ती नुसती गोष्ट होती.

सोलापूरहून

मी थोडे वेगळे लिहिते आहे; कुणाच्या श्रद्धेला धक्का लावण्याचा हेतू नाही. सातव्या महिन्यात माझे बाळ गेले. घरातल्या मोठ्यांनी गुरुचरित्राचा सप्ताह करण्याविषयी सुचवले, आणि त्याच घरात दुसऱ्या बाजूने हेही निघाले की बायकांनी तो ग्रंथ वाचू नये. मग माझ्या वतीने दुसऱ्या कुणीतरी तो वाचला. ५२ अध्याय शेजारच्या खोलीतून सात दिवस माझ्या कानावर येत होते, आणि माझ्या हातून नेमके काय चुकले असेल याचाच मी विचार करत होते. अनेकांना त्या ग्रंथाने आधार दिला आहे, माझ्या आजीलाही दिला होता. मला त्या आठवड्यात नाही मिळाला.

पुढे माहेरी आल्यावर वडिलांच्या कपाटातली तुकोबांची गाथा सहज चाळली. १६३० च्या सुमाराच्या दुष्काळात तुकोबांच्या घरातली माणसे गेली, हे शाळेत शिकले होते. पण ती ओळ मी पूर्वी कधी नीट वाचली नव्हती: ‘दुष्काळें आटिलें द्रव्यें नेला मान । स्त्री एकी अन्न अन्न करितां मेली ॥’ ‘मेली’ हाच शब्द आहे. ‘देवाघरी गेली’ नाही, ‘सुटली’ नाही. माझ्या बाळाबद्दल सगळे आडून आडून बोलत होते, जणू काही घडलेच नव्हते, आणि इथे एक माणूस स्वतःच्या घरातले मरण त्याच्या नावाने सांगत होता. मी ती ओळ मोठ्याने वाचली. मग बाळ गेल्यापासून प्रथमच ‘माझे बाळ मेले’ असे आईपाशी म्हणाले, आणि आम्ही दोघी पहिल्यांदा एकत्र रडलो.

गाथा अजून पूर्ण झालेली नाही. तुकोबा विठ्ठलाशी भांडतात ते अभंग मी पुन्हा पुन्हा वाचते. ज्याच्यावर विश्वास आहे त्याच्याशीच असे भांडता येते, हे मला त्यातून उमगले. पण विश्वास परत आला आहे असे आज म्हणणार नाही.

वसईहून

वडिलांच्या शेवटच्या आजारपणात रोज रात्री त्यांना तेविसावे स्तोत्र वाचून दाखवत असे, ‘परमेश्वर माझा मेंढपाळ आहे’. पुढे त्यांना माणसे ओळखू येईनाशी झाली, माझे नावही आठवेना; पण मी पहिली ओळ म्हटली की पुढची ते स्वतः पुरी करत. ते गेल्यानंतर मी निवृत्त झाले. अजूनही रात्री पहिली ओळ म्हणून मी क्षणभर थांबते.

वाईच्या ताईंकडून

सोलापूरच्या ताई, आपले लिहिणे मी दोनदा वाचले. वडिलांच्या तारखांमधले ते अडीच वर्षांचे अंतर मी आपल्यासाठीच पुन्हा काढून पाहिले. त्या अंतरानंतरची तारीख इतर तारखांपेक्षा ठळक आहे. पेन्सिल दाबून लिहिल्यामुळे ती मागच्या पानावरही उमटली आहे.

नाशिकच्या भाऊंनी ज्ञानेश्वरीची कोणती प्रत घ्यावी असे मला स्वतंत्रपणे विचारले होते. मोठ्या टाइपातली सार्थ प्रत घ्यावी, म्हणजे ओवी अडली की खालीच अर्थ सापडतो. मी सध्या अकराव्या अध्यायात आहे. पोथीला नवे बासन शिवले आहे, जुने आत तसेच ठेवले आहे.