दुसऱ्या महायुद्धातल्या वॉकीटॉकीला आता कुठली बॅटरी?

ओहायोकर:
मंडळी, मदत हवी आहे. ओहायोतल्या झीनियाला, हॅमव्हेन्शन या हौशी रेडिओवाल्यांच्या (हॅम) मेळाव्याच्या जुन्या बाजारात बीसी-६११ हाती लागला. अमेरिकी सैन्याचा हातात धरायचा सेट. अँटेना वर ओढली की चालू, आत ढकलली की बंद. पाचही व्हॉल्व्ह (जुन्या रेडिओतल्या काचेच्या नळ्या) शाबूत आहेत, पण तळाचं झाकण उघडलं तर जुना सेल फुटून सगळीकडे पांढरी पूड. मूळ बॅटऱ्या दोन: फिलामेंटला, म्हणजे व्हॉल्व्हमधल्या तापणाऱ्या तारेला, १.५ व्होल्टची बीए-३७ आणि प्लेटला, म्हणजे त्यातल्या जास्त व्होल्टच्या पत्र्याला, १०३.५ व्होल्टची बीए-३८. दोन्ही केव्हाच बंद झाल्या. ओळखीचा एक दुरुस्तीवाला म्हणतो, डब्याला भोक पाडून बाहेरून सप्लाय दे. माझा हात धजत नाही.

जुनीतार:
भोक अजिबात पाडू नका! ९ व्होल्टच्या ११ चौकोनी बॅटऱ्या घ्या आणि एकीचं बटण दुसरीत अडकवत सिरीज करा. हिशेबाने ९९ होतात, पण नवी अल्कलाइन बॅटरी साडेनऊच्या आसपास भरते, म्हणजे सुरुवातीला १०४ मिळतात. बारावी जोडायचा मोह टाळा. फिलामेंटला डी साइजचे दोन सेल पॅरलल. सिरीज केलेत तर तीन व्होल्ट जातील आणि व्हॉल्व्ह गेले म्हणून समजा. हे व्हॉल्व्ह १.४ व्होल्टचे आहेत.

व्हॉल्व्हकाका:
आधी ती पूड व्हिनेगरने नव्हे, कोमट पाण्याच्या ओल्या फडक्याने पुसा. अशा जुन्या सेलमध्ये नवसागर असतो, व्हिनेगरने मारता येईल असा अल्कलाइन सेलमधला अल्कली नसतो. मग आधी फक्त दीड व्होल्ट द्या. फिलामेंट ठीक आहेत हे कळल्यावरच प्लेटची बॅटरी बसवा, आणि साखळीची दोन्ही टोकं इन्सुलेट करा. १०० व्होल्ट डीसीचा झटका चांगलाच बसतो बरं का. आणि बाळा, सेटची फ्रिक्वेन्सी ठरवणारं क्रिस्टल हॅम बँडमधलं, म्हणजे हौशी रेडिओला दिलेल्या पट्ट्यातलं, नसेल तर बटण दाबून बोलू नकोस, नुसतं ऐक.

ओहायोकर:
काका, तुम्ही सांगितलंत त्याच क्रमाने केलं. साखळी पुठ्ठ्याच्या नळीत घातली, मीटरवर १०४.३. अँटेना ओढली आणि कानाशी धरलं तर सू... असा आवाज. बायकोला हाक मारून ऐकवलं. क्रिस्टल ३८८५ किलोहर्ट्झचं आहे, म्हणजे एएम पद्धतीने बोलणारे आपले हॅम जिथे भेटतात त्याच जागेवरचं. परवाना आहे, रविवारी हाक देतो.