थंडीतली स्वस्त सहल : मुलांना घेऊन कुठे गेलात, खिशातून किती गेले?

गेल्या डिसेंबरात आम्ही शहराजवळच्या एका हुरडा पार्टीला माणशी आठशे रुपये मोजले. मुलगा पाच वर्षांचा, त्याचे अर्धे. हुरडा वाट्याला आला मूठभर, तोही गार. बाकीचा वेळ पावभाजीच्या रांगेत आणि डीजेच्या दणदणाटात गेला. परत येताना बायको म्हणाली, "त्यापेक्षा तुझ्या मामाच्या शेतावर गेलो असतो." मामानं शेत विकून बारा वर्षं झाली, हा भाग वेगळा.

म्हणून हा धागा काढून विचारतोय. आधी गाव, मुलांची वयं आणि खर्च सांगा, मग काय केलं ते लिहा. फसलेले बेतही चालतील.

लातूर. मुली ९ आणि ५. खर्च : पेट्रोल आणि दोन किलो पेरू.

आमच्याकडे हा प्रश्न येळवस सोडवते. येळवस म्हणजे वेळ अमावस्या, मार्गशीर्षातली. त्या दिवशी लातूर शहरात संचारबंदी लागल्यासारखं वाटतं. दुकानं बंद, रस्ते ओस, अख्खं गाव शिवारात. आमच्या नावावर गुंठाभरही जमीन नाही, पण त्या दिवशी जमीन नसलेल्यालाच जास्त आवतणं येतात. एका शेतावर जेवून दुसऱ्यावर फिरकलो नाही तर वर्षभर ऐकून घ्यावं लागतं.

शेतात कडब्याची कोप म्हणजे खोपी उभी करतात, आत पूजा मांडतात. मग पंगत. बाजरीचे उंडे, भज्जी, आंबील, गव्हाची खीर. भज्जी म्हणजे भजी नव्हेत. पुण्याचे पाहुणे दरवर्षी इथंच फसतात. तुरीचे, हरभऱ्याचे ओले दाणे, मेथी, कांद्याची पात असं शिवारातलं हिरवं जे जे हाती लागेल ते बेसन लावून शिजवायचं. आंबील म्हणजे ज्वारीचं पीठ आणि ताक, मडक्यात आंबवलेलं, थंडगार. धाकटीनं तीन पेले रिचवले आणि कडब्याच्या गंजीला टेकून तिथंच झोपली. मोठी बोरीखाली होती. तळपायात चार काटे मोडून आली, फ्रॉकच्या ओच्यात बोरं. रडायचं तिला घरी आल्यावर आठवलं.

डोंबिवली. मुलगी ७, पुतण्या ४. खर्च : लोकल आणि चौघांचं मिळून शंभराचं तिकीट.

राणीची बाग. आम्ही गेलो तेव्हा दोन मोठे आणि दोन लहान यांना एकत्र तिकीट शंभर रुपयांचं होतं. बुधवारी बंद असते, तेवढं पाहून निघा. पेंग्विनपुढे काच, काचेपुढे मोबाईल आणि मोबाईलच्या मागे आम्ही. पुतण्याला खांद्यावर घेतलं तेव्हा त्याला एक शेपटी दिसली.

पण मुलांना आवडला तो शेजारच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाबाहेरचा दगडी हत्ती. घारापुरी बेटाला पोर्तुगीज ज्याच्यावरून एलिफंटा म्हणायला लागले, तोच हा. इंग्लंडला न्यायचा म्हणून उचलायला गेले तेव्हा तो पडून फुटला. तुकडे मुंबईत आले आणि पुढे १९१४ मध्ये पुन्हा जुळवले. मुलगी अर्धा तास त्याचे सांधे शोधत होती. "इथं डिंक लावलाय बघ काका!" असं पुतण्या दर दोन मिनिटांनी सांगत होता. उन्हाळ्यात त्या जागी पाच मिनिटं उभं राहवत नाही.

नाशिक. जुळे, ८. खर्च : पेट्रोल, तीन चहा, दोन दूध.

नांदूरमध्यमेश्वर, निफाड तालुका. गोदावरी आणि कादवा जिथे मिळतात तिथल्या बंधाऱ्यामागे गाळ साठून बेटं झाली आणि पक्ष्यांनी मुक्काम ठोकला. २०२० मध्ये ते महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झालं.

पहिल्या वर्षी आम्ही आरामात आंघोळी करून, पोहे खाऊन साडेअकराला पोचलो. पाण्यावर नुसते लांब काळे ठिपके. पोरांनी वीस मिनिटांत "घरी चला"चा जप सुरू केला. पुढच्या वर्षी पहाटे पाचला निघालो. निफाडची थंडी पेपरात वाचतो, ती त्या दिवशी कानांना कळली. वाटेत द्राक्षबागांमधून धूर उठत होता. कडाक्याची थंडी पडली की मणी तडकू नयेत म्हणून शेतकरी बागेत शेकोट्या पेटवतात. एका बागेपाशी थांबलो, विचारून पाच मिनिटं हात शेकले. पोरांना वाटलं, सहल हीच.

चापडगावच्या मनोऱ्यावरून उजेड फुटताना पाहिलं. शेजाऱ्यांकडून मागून आणलेली एकच दुर्बीण आणि दोन भाऊ, त्यामुळे मोजून दोन-दोन मिनिटांच्या पाळ्या लावल्या. चक्रवाक भगव्या रंगावरून लगेच ओळखता येतो. थापट्या बदकाची चोच फावड्यासारखी. चमच्या पक्षी चोच पाण्यात डावीकडून उजवीकडे अशी फिरवतो की धाकट्यानं (सात मिनिटांनी धाकटा) तिथंच त्याचं नाव "झाडूवाला" ठेवलं. नऊला परत फिरलो. सांगायचं एवढंच, की पोहे परत येऊन खा.

पुणे. मुलगा १३. खर्च : वाचा.

सगळ्यांच्या हिशेबात एक रकाना सुटलाय. सहल स्वस्त कशामुळे झाली? घरून डबा नेला म्हणून. तो डबा पहाटे चारला उठून कुणी भरला? तिखटमिठाच्या पुऱ्या चाळीस, बटाट्याची भाजी, दहीभात, वर पाण्याच्या बाटल्या, सतरंजी, टोप्या. शेतावर पोचल्यावर सगळे "वा, काय हवा आहे!" म्हणतात आणि मी कागदी ताटल्या शोधत असते.

आता आमच्याकडे नियम आहे. बेत ज्यानं सुचवला, डबा त्यानं भरायचा. नवऱ्याच्या डोक्यातले सहलीचे बेत निम्म्यावर आलेत. मुलाला मात्र पोळीचे लाडू वळता यायला लागले.

वाई. मुलगी १०. खर्च : एसटी आणि एक पेटी स्ट्रॉबेरी.

वरच्या ताईंना दंडवत.

आम्ही भिलारला जातो. पाचगणी आणि महाबळेश्वर यांच्या मधलं गाव, २०१७ पासून पुस्तकांचं गाव. लोकांच्या घरांत, ओसरीवर कपाटं मांडलीत. आत जायचं, पुस्तक काढायचं, वाचत बसायचं. पैसे नाहीत. कथेचं घर वेगळं, इतिहासाचं वेगळं, बालसाहित्याचं वेगळं. मुलीनं एका ओसरीवर उन्हात पाय पसरून दीड तास काढला. घरच्या आजी मधूनच विचारून गेल्या, "झालं का गं?" पुस्तक झालं का म्हणून की चहा हवा म्हणून, ते कळलं नाही. आम्ही चहा घेतला.

स्ट्रॉबेरी रस्त्यावरच्या पहिल्या टपरीवर घेऊ नका, आणि बारीक माल मागा. दिसायला सुमार, चवीला तोच. एसटीत २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट, पाच ते बारा वयाच्या मुलांनाही अर्धं. आमच्या तिघांत पूर्ण तिकीट माझं एकट्याचं. मी घरी थांबलो तर सहल आणखी स्वस्त होईल, असं घरातून सुचवण्यात आलं आहे.

छत्रपती संभाजीनगर. मुलगा ११. खर्च : एसटी, दोघांची तिकिटं.

वेरूळ. पंधरा वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही. मंगळवारी बंद असतं, हे मला मंगळवारीच कळलं. कैलास सगळेच बघतात; तुम्ही आधी दहावं लेणं गाठा. छताला लाकडी वासे असावेत तशा दगडी फासळ्या कोरल्यात, म्हणून लोक त्याला सुतार की झोपडी म्हणतात. पाचव्यात बसक्या दगडी बाकांच्या दोन लांबच लांब ओळी आहेत. पोरगं बघताक्षणी म्हणालं, "पंगत!"

करवीर तालुका, कोल्हापूर. पोरं १० आणि ६. खर्च : शून्य, उलट घेऊनच आलो.

गुऱ्हाळाला जावा की! पार्टीबिर्टी काय नको. ऊसतोड सुरू झाली की कुठल्यातरी गुऱ्हाळाचा धूर दिसतोच. आधी गुळव्याला विचारायचं, आणि पोरांचा हात सोडायचा नाही, कारण उकळत्या रसाची काहील म्हणजे चेष्टा नव्हे. खाली चुलवाणात वाळलेली चिपाडं सारत असतात, वर रस उकळतोय. मळी वर येते, ती झाऱ्यानं काढतात. रंग हिरवट, मग पिवळा, मग तांबूस. बुडबुडे मोठे व्हायला लागले की गुळव्या थेंबभर पाक गार पाण्यात टाकून बोटांनी बघतो. गोळी वळली की आरडाओरड, आणि सगळे मिळून काहील वाफ्यात उलटी करतात. आमचा थोरला त्या क्षणाला श्वास रोखून उभा होता.

नंतर उसाच्या कांडक्यावर गुंडाळलेला गरम गूळ. त्यात शेंगदाणा दाबला की झालं. धाकट्याचे केस दोनदा धुवावे लागले. काकवीची बाटली गुळव्यानं आपणहून दिली, पैसे घेईना. पुढच्या फेरीला चहापत्ती आणि बिस्किटाचे पुडे घेऊन गेलो.

बडोदा. मुली १२ आणि ८.

आमच्याकडे हुरड्याला पोंक म्हणतात, आणि तो हातगाडीवर तयारच मिळतो, शेव आणि लिंबू पिळून. बागेत बसून खायचा. चोळायची मजा नाही, पण मग हात भाजल्याची रडारडही नाही.

अकोला. मुलगा ९, मुलगी ६. खर्च : शून्य.

घराची गच्ची, दोन गाद्या, चार गोधड्या. १३-१४ डिसेंबरच्या रात्री मिथुन राशीतून उल्का पडतात. बहुतेक उल्कावर्षाव धूमकेतूंच्या कचऱ्यातून होतात, हा फेथॉन नावाच्या लघुग्रहाच्या. मिथुन रात्री लवकर वर येते, म्हणून लहान मुलांनाही जमतं.

पहिला अर्धा तास वाया गेला. एक तर समोरच्यांचा हॅलोजन, आणि दुसरं म्हणजे मीच दर पाच मिनिटांनी मोबाईल उघडत होतो. डोळे अंधाराला सरावायला वीस मिनिटं लागतात. शेवटी आईनं मोबाईल काढून उशीखाली घातला. तोवर ती मुलांना मृग दाखवत होती. ते चार तारे हरणाचे पाय, मधले ओळीतले तीन म्हणजे पोटात शिरलेला बाण, आणि तो खालचा चकचकीत, तो व्याध, बाण मारणारा. मुलगी म्हणाली, "मग हरीण पळत का नाही?" आई म्हणाली, "पळतंय की, रोज पूर्वेकडून पश्चिमेकडे."

झोपेपर्यंत मुलानं तेवीस उल्का मोजल्या. मुलीनं एकेचाळीस, त्यात एक विमान.

धागा काढणारा

लातूरकर, येळवसेचं आवतण जमीन नसलेल्या पुणेकरांनाही असतं का? डबा मी भरतो.

लातूर

या की. डबा तेवढा आणू नका, शेतमालक रुसेल.