मदत हवी आहे : ऑर्लँडोच्या हॉटेलसाठी चेस बँकेच्या क्रेडिट कार्डाचे पॉइंट्स मॅरियट या हॉटेल साखळीला वळवावेत का?

मार्चमध्ये न्यू जर्सीहून डिस्ने वर्ल्डला जायचंय, पाच रात्री. आम्ही दोघं, सात वर्षांची मुलगी आणि धाकटा. तो एप्रिलमध्ये तीनचा होईल आणि मग त्यालाही तिकीट लागेल, म्हणून तारखा पुढे नेणं शक्य नाही.

हॉटेल स्वान किंवा डॉल्फिन. मॅरियटचे पॉइंट्स चालतात, डिस्नेचं एपकॉट पार्क चालत गाठता येतं, पार्कात अर्धा तास आधी प्रवेशही मिळतो. चेसमधून मॅरियटला १:१ जातात, पण एकदा गेले की परत येत नाहीत. खरी अडचण तीच.

हिशोब करून पाहिलाय. पॉइंट्सवर राहिल्यास मॅरियट पाचवी रात्र फुकट देतं, ती धरूनही एका पॉइंटला जेमतेम ०.८ सेंट पडतोय. रिसॉर्ट फी (खोलीच्या दरावर हॉटेल वेगळी लावतं ती) पॉइंट्सवर राहिलं तरी सुटत नाही, म्हणून ती वगळूनच मोजलं. तेच पॉइंट्स सरळ रोख करून घेतले तर १ सेंट मिळतो! हयात (Hyatt) या दुसऱ्या हॉटेल साखळीत पॉइंट्सवर राहिलं तर ही फी वाचते, पण त्यांच्या जवळच्या हॉटेलात आमच्या तारखांना पॉइंट्सवर खोली नाही. तिकिटं रोखीनेच घेणार आहोत, विमानाची झालीत.

'पॉइंट्स ट्रान्सफर बोनस (वळवताना जादा पॉइंट्स) येईल, थांबा' हे सुचवू नका, त्याच्या भरवशावर खोली सोडायची नाहीये.

मॅरियटच्या 'पॉइंट्स अॅडव्हान्स'ने खोली आत्ता धरून ठेवली आणि पॉइंट्स नंतर भरले, तर आजचा दर टिकतो का? आणि मार्चच्या सुट्टीत या दोन हॉटेलांचे पॉइंट्सचे दर शेवटच्या आठवड्यांत उतरताना कोणी पाहिलेत का?