द्राक्षगर्भ: लघवीचं कार्ड निगेटिव्ह, सोनोग्राफीत मोल

रानजाई (उपकेंद्र)
पहिलटकरीण, वय २३. पाळी चुकून १२ आठवडे, पण पिशवी १६ आठवड्यांची लागते. उलट्या थांबत नाहीत, अंगावरून काळपट जातंय. रक्तगट ओ निगेटिव्ह. गर्भचाचणीच्या कार्डवर दुसरी रेघ नाही, म्हणून घरचे म्हणतात दिवसच गेले नाहीत. सोनोग्राफीत मात्र गर्भ नाही, पिशवीभर बारीक फोड, आणि दोन्ही अंडाशयांत ८ सेंमीच्या गाठी. रिपोर्टवर ‘व्हेसिक्युलर मोल’ लिहिलंय, म्हणजे द्राक्षगर्भ: नीट गर्भ न वाढता वारेच्या ऊतकाचे द्राक्षांसारखे फोड होतात. गोळ्यांनी खाली करता येईल का? आणि साफ केल्यावर दर आठवड्याला रक्त कशाला तपासायचं?

तालुका ओपीडी
कार्डचं आधी सांगतो. द्राक्षगर्भात एचसीजी (कार्ड जे शोधतं ते गरोदरपणाचं संप्रेरक) लाखाच्या वर सहज जातं. रेघ उमटायला एचसीजीचा एकच कण दोन अँटीबॉडींच्या मध्ये अडकावा लागतो. ते प्रमाणाबाहेर झालं की दोन्ही अँटीबॉडी वेगवेगळ्याच भरून जातात आणि रेघ येत नाही. तीच लघवी पाण्यात १:१०० पातळ करून पुन्हा लावा, बहुधा दिसेल. रक्ताचा नमुना पाठवताना चिठ्ठीवर ‘मोलचा संशय, डायल्यूट करून आकडा द्या’ असं लिहा.

गोळ्या नकोत. पिशवीचं तोंड बंद असताना ती आवळली तर फोडांचं ऊतक शिरांतून फुप्फुसाकडे ढकललं जाण्याची भीती असते. शिवाय पिशवी अर्धवट रिकामी होते आणि पुढे केमोची (मागे राहिलेल्या पेशी वाढल्या तर द्यायच्या कर्करोगाच्या औषधांची) गरज पडण्याची शक्यता वाढते. मार्ग एकच: सक्शन (नळीने ओढून पिशवी रिकामी करणं), तेही सोनोग्राफी लावून, जिथे रक्त हाताशी आहे अशा ठिकाणी. तालुक्याच्या छोट्या थिएटरात हे करू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

आधी हिमोग्लोबिन, क्रॉसमॅच केलेलं (तिच्या रक्ताशी जुळवून पाहिलेलं) रक्त, लिव्हर, किडनी, छातीचा एक्स-रे आणि थायरॉइड. एचसीजी खूप वाढलं की थायरॉइड चेकाळतं. नाडी १२० आणि हात थरथरताहेत अशा बाईला तशीच भूल देणं धोक्याचं, आधी बीटा ब्लॉकर (नाडी मंद करणारं औषध). कॅन्युला (सक्शनची नळी) मोठी, १२ मिमीच्या आसपास. ऑक्सिटोसिनची (पिशवी आवळणाऱ्या औषधाची) ड्रिप सक्शन सुरू झाल्यावर, आधी नाही. धारदार क्युरेट (खरवडायचं हत्यार) शक्यतो टाळतात, कारण पिशवी मऊ असते, भोक पडू शकतं. ही ओ निगेटिव्ह आहे, म्हणून ७२ तासांच्या आत अँटी-डी (पुढच्या गर्भाच्या रक्ताविरुद्ध प्रतिपिंडं बनू नयेत म्हणून द्यायचं इंजेक्शन).

काचपट्टी (पॅथॉलॉजी)
निघालेलं सगळं पाठवा, निवडक तुकडा नको. सलाइनमध्ये नाही, १० टक्के फॉर्मेलिनमध्ये. सलाइनमध्ये पेशी कुजतात आणि मग मोल कुठल्या प्रकारचा हे सांगता येत नाही. प्रकार कळायला हवाच: कंप्लीट (पूर्ण) की पार्शल (अंशतः). कंप्लीटमध्ये गुणसूत्रं ४६, पण सगळी वडिलांकडची. पार्शलमध्ये ६९, आणि गर्भाचे अवशेषही सापडतात. शंका असेल तर पी५७ स्टेन (एक प्रथिन दाखवणारा काचपट्टीवरचा रंग): कंप्लीटमध्ये निगेटिव्ह, पार्शलमध्ये पॉझिटिव्ह. कंप्लीटनंतर साधारण १५ ते २० टक्के बायकांना केमो लागते, पार्शलनंतर १ ते ५ टक्के.

आणखी एक. आठव्या-नवव्या आठवड्यात मोल सोनोग्राफीत साध्या ‘मिस्ड’सारखा (पोटातच वाढ थांबलेल्या गर्भासारखा) दिसू शकतो. फोड मोठे व्हायचे असतात. त्यामुळे तसल्या केसचं ऊतकही फेकू नका.

तालुका ओपीडी
आता दर आठवड्याच्या रक्ताबद्दल. मागे राहिलेल्या पेशी पुन्हा वाढू लागल्या तर बाईला सुरुवातीला काहीच त्रास नसतो, फक्त आकडा बोलतो. बीटा एचसीजी (रक्तातला एचसीजीचा आकडा) दर आठवड्याला, एकाच लॅबमध्ये, लागोपाठ तीन नॉर्मल येईपर्यंत. मग पार्शल असेल तर महिन्याने एकदा खात्री. कंप्लीट असेल तर दरमहा, कुठे ३ महिने, कुठे ६. तीन आठवड्यांत चार आकडे जागेवरच (फरक १० टक्क्यांच्या आत) किंवा दोन आठवड्यांत तीन आकडे चढते, की लगेच मोठ्या केंद्रात.

तोवर दिवस राहू देऊ नका. गर्भ राहिला की आकडा त्याचा की आजाराचा, हे कळेनासं होतं. गर्भनिरोधक गोळ्या चालतात. कॉपर-टी मात्र आकडा नॉर्मल येईपर्यंत नको.

केमो लागलीच तर घरच्यांना घाबरू देऊ नका. कमी जोखमीच्या गटात मेथोट्रेक्सेट (केमोचं औषध) ५० मिग्रॅ दिवस १, ३, ५, ७ ला स्नायूत, आणि मधल्या दिवशी, म्हणजे २, ४, ६, ८ ला, फॉलिनिक ॲसिड (मेथोट्रेक्सेटचा त्रास कमी करणारं) १५ मिग्रॅ. फॉलिनिक, फॉलिक नव्हे. चिठ्ठीवर ठळक लिहा. दर दोन आठवड्यांनी पुन्हा. या गटातल्या जवळपास सगळ्या बायका बऱ्या होतात आणि पिशवी शाबूत राहते. पुन्हा मोल होण्याची शक्यता शंभरात एक-दोन.

रानजाई
आणि त्या गाठी? घरचे म्हणतात, एकदमच काढून टाका.

तालुका ओपीडी
हात लावायचा नाही. त्या एचसीजीमुळेच फुगतात, आकडा उतरला की दोन-तीन महिन्यांत आपोआप बसतात. फक्त एका बाजूला अचानक जोराची कळ आणि उलटी आली, तर गाठीला पीळ बसलाय असं समजून त्याच रात्री पाठवा.